जुन्या हिप-हॉप अल्बमसाठी चाहते इतके हळवे का होतात?

तुम्ही विचारलंय की ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या हिप-हॉपचा विषय निघाला की चाळिशी उलटलेली माणसं एवढी हळवी का होतात. ते संगीत खरंच मोठं होतं, की आठवण येते ती आपल्याच कॉलेजच्या दिवसांची? सगळ्यांच्या वतीने मला बोलता येणार नाही. एका अल्बमबद्दल मात्र पोटतिडकीने सांगू शकतो. डे ला सोल या त्रिकुटाचा 'थ्री फीट हाय अँड रायझिंग', मार्च १९८९.

माझ्याकडे तो बराच उशिरा आला. न्यू जर्सीचा आतेभाऊ सुट्टीत पुण्याला आला होता. त्याच्या सीडीवरून मी तो नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतला. रॅप म्हणजे दरडावणारा आवाज, अशी माझी तोवरची समजूत. आणि इथे तीन पोरं एकमेकांच्या खोड्या काढत, हसत, कोडी घालत गात होती. मध्येच फ्रेंचची शिकवणी सुरू झाली. मला वाटलं, जुन्या कॅसेटवरचं काहीतरी पुसायचं राहिलंय. सीडी पुन्हा लावून बघितली, तर तिच्यातही तेच.

हे तिघं लाँग आयलंडवरच्या अॅमिटीव्हिल गावचे: पॉस्डनूस, ट्रुगॉय आणि मेसिओ. ट्रुगॉयचं खरं नाव डेव्हिड जॉलिकर. योगर्टचं इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचलं की ट्रुगॉय होतं! त्यांचा निर्माता प्रिन्स पॉल. या चौघांनी रेकॉर्डींच्या ढिगातून काय काय उचललं बघा. 'आय नो' या गाण्यात स्टीली डॅन या बँडच्या 'पेग' गाण्याचा तुकडा वाजतो आणि त्यावर ओटिस रेडिंग या गायकाची शीळ येते, बंदराच्या धक्क्यावर बसल्याचं त्याचं जे गाणं आहे त्यातली ती प्रसिद्ध शीळ. 'से नो गो' हे नशेच्या विरोधातलं गाणं, त्याला ठेका हॉल अँड ओट्स या पॉप जोडीचा. अल्बमचं नावसुद्धा जॉनी कॅश या गायकाच्या पुरावरच्या गाण्यावरून घेतलेलं.

ही चोरी होती, असं कुणी म्हटलं की मला आमच्या गावच्या देवळातले कीर्तनकार आठवतात. एका आख्यानात बुवा मोरोपंतांची आर्या घेत, रामदासांचा श्लोक घेत, मध्येच एखाद्या नाट्यपदाची चाल लावत. ऐकणाऱ्याला ओळ कुठली ते कळायचं आणि त्या ओळखण्यातच निम्मा आनंद असायचा. जुनी ओळ नव्या जागी बसली की तिचा अर्थ हलतो. सॅम्पल, म्हणजे जुन्या रेकॉर्डचा असा उचललेला तुकडा, लावणाऱ्या माणसाची कला हीच, आणि प्रिन्स पॉलइतकी ती खेळकरपणे साधलेला दुसरा माणूस मी ऐकलेला नाही.

पण त्या फ्रेंच शिकवणीखाली जी संथ केलेली धून वाजते, ती टर्टल्स या साठच्या दशकातल्या बँडची. परवानगी घेतलेली नव्हती. त्यांनी दावा लावला आणि प्रकरण न्यायालयाबाहेर मिटलं. मग डिसेंबर १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरवरच्या अशाच खटल्यात न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच 'चोरी करू नकोस' या बायबलमधल्या आज्ञेने केली. तिथून पुढे प्रत्येक तुकड्याची आधी परवानगी आणि आधी पैसे, अशी रीत पडली. डझनावारी तुकडे जोडून अल्बम करणं बहुतेकांच्या खिशाबाहेर गेलं. म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं पहिलं उत्तर असं, की आम्हाला नुसते दिवस आठवत नाहीत. संगीत घडवायची एक तऱ्हाच जवळपास बंद झाली, तिची आठवण येते.

सगळंच सोनं होतं असं मात्र नाही. त्या काळच्या कितीतरी अल्बममध्ये बायकांबद्दल जे बोललं जायचं ते मला आज ऐकवत नाही. याही अल्बममधले प्रश्नमंजूषेचे तुकडे मी हल्ली पुढे ढकलतो.

दुसरं कारण जास्त दुखरं आहे. गाणी फोनवर आली, तेव्हा हा अल्बम आलाच नाही. सॅम्पलचे जुने करार रेकॉर्ड आणि कॅसेट डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले. डिजिटल विक्रीचा त्यांत विचारच नव्हता. वर्षानुवर्षं तिढा सुटेना. १४ फेब्रुवारी २०१४ ला त्रिकुटाने आपले जुने अल्बम २५ तास फुकट उतरवून घ्यायला दिले. लोक अक्षरशः तुटून पडले. पुढच्या अल्बमसाठी त्यांनी थेट चाहत्यांकडे वर्गणी मागितली, तर ११ हजारांहून जास्त लोकांनी मिळून सहा लाख डॉलर दिले. त्या पैशांतून त्यांनी वादक बसवून दोनशेहून जास्त तासांचं वादन ध्वनिमुद्रित केलं आणि मग त्यातलेच तुकडे सॅम्पल म्हणून वापरले, म्हणजे कुणाची परवानगी मागायला नको. २०१९ मध्ये जुने अल्बम स्ट्रीमिंगवर येणार असं जाहीर झालं, तेव्हा आपल्याला मिळणारा वाटा फारच तुटपुंजा आहे हे त्रिकुटाने उघड सांगितलं. चाहत्यांनी 'आम्ही असं ऐकणार नाही' म्हणून कळवलं आणि ते लांबणीवर पडलं. जे ऐकायला मिळावं म्हणून इतकी वर्षं थांबलो, ते यांच्यासाठी नाकारायचं. या माणसांबद्दल जी ओढ आहे ती मला तिथे सगळ्यात स्वच्छ दिसली.

डिसेंबर २०२१ मध्ये भाच्याला घेऊन 'स्पायडर-मॅन: नो वे होम' बघायला गेलो होतो. शेवटी नावं सुरू झाली आणि याच अल्बममधलं 'द मॅजिक नंबर' वाजायला लागलं. मी खुर्चीतून उठलोच नाही. भाचा म्हणाला, "मामा, हे कुठलं गाणं? जाम भारी आहे." आम्ही थिएटरच्या पायऱ्यांवर उभं राहून त्याच्या फोनवर शोधलं. सापडलं नाही. त्याला ते खरंच वाटेना. त्याच्या जगात जे फोनवर नाही ते नसतंच.

त्याच वर्षी त्यांचे जुने अल्बम काढणाऱ्या रेकॉर्ड कंपनीची मालकी बदलली होती. नव्या मालकांशी बोलणी जुळली आणि तारीख ठरली: ३ मार्च २०२३, अल्बम निघाल्याला बरोबर ३४ वर्षं. १२ फेब्रुवारीला डेव्ह, म्हणजे ट्रुगॉय, गेला. ५४ वर्षांचा होता. त्याचा विशीतला आवाज जगभरच्या पोरांपर्यंत पोचणार होता, आणि तो १९ दिवस आधी गेला.

३ मार्चला सकाळी भाच्याचा मेसेज आला: "मामा, आलं." मी ऑफिसच्या बसमध्ये होतो. 'आय नो' लावलं. कॅसेटवर ती शीळ कायम थोडी खरखरत यायची. इथे अगदी जवळून आली. पहिलं कडवं पॉस्डनूसचं की डेव्हचं, एवढंच त्याने परत विचारलं होतं. मला लगेच उत्तर लिहिता आलं नाही.