शाखा आधी, संघटना नंतर?

प्रश्न : इंग्लंडमधल्या एका गावातल्या ब्रिटिश लीजनच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या संघटनेच्या शाखेचा इतिहास आम्ही जुळवत आहोत. शाखेच्या ध्वजावर १९२१ साल आहे, क्लबच्या कोनशिलेवर १९१९. खरं कुठलं? आणि इतिवृत्ताच्या वह्या १९३० पासूनच्याच आहेत. पहिले सभासद कसे शोधावेत?

उत्तर : दोन्ही सालं खरी असू शकतात. लीजन १५ मे १९२१ रोजी चार संघटनांच्या विलीनीकरणातून झाली. त्यांतली ‘कॉम्रेड्स ऑफ द ग्रेट वॉर’ १९१७ची. आधीच्या दोन संघटनांना कामगार चळवळीचा आणि उदारमतवादी खासदारांचा पाठिंबा असल्याने हुजूर पक्षाकडच्या मंडळींनी ती उभी केली. तुमचा १९१९चा क्लब तिच्या गावातल्या शाखेचा असू शकतो. शाखा लीजनमध्ये गेली तरी क्लब अनेक ठिकाणी कायद्याने वेगळाच राहिला. म्हणून इमारतीचं खरेदीखत कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहा. शताब्दीच्या स्मरणिकेत शाखा आणि क्लब एकच धरले की तारखांचा घोळ झालाच.

कागदाचा काळ ओळखायची एक खूण : शीर्षकात ‘रॉयल’ असेल तर तो १९७१ किंवा त्यानंतरचा. राजसनद १९२५ मध्येच मिळाली होती, पण नावात ‘रॉयल’ आलं १९७१ला. ‘रॉयल ब्रिटिश लीजन, संस्थापक सभासद १९२१’ अशी टंकलिखित यादी हाती लागली, तर ती मागाहून आठवून केलेली समजा.

सभासदांसाठी १९१८ची गैरहजर मतदारांची, म्हणजे सैन्यात असल्याने घरापासून दूर असलेल्या मतदारांची, यादी सगळ्यात उपयोगी. काउंटीच्या अभिलेखागारात विचारा; सगळीकडची टिकलेली नाही. तिच्यात घराच्या पत्त्यासमोर हुद्दा, पलटण आणि सैनिकी क्रमांक असतो. तो क्रमांक घेऊन राष्ट्रीय अभिलेखागारातलं पदक-कार्ड, म्हणजे सैनिकाला मिळालेल्या युद्धपदकांची नोंद, काढा. नुसत्या नावावर शोधलंत तर एकाच नावाचे दहा जॉन स्मिथ पुढे येतील. कार्ड नाही म्हणून नाव खोडू नका; मायदेशातच नोकरी केलेल्यांचं कार्ड सहसा नसतं. सेवापुस्तिका तर सप्टेंबर १९४०च्या बॉम्बहल्ल्यातल्या आगीत निम्म्याहून जास्त गेल्या.

ही यादी गावातल्या सैनिकांची झाली, सभासदांची नव्हे. पदाधिकाऱ्यांची नावं स्थानिक वृत्तपत्रातल्या वार्षिक सभेच्या बातमीत शोधा. महिला विभागाचं इतिवृत्त वेगळं असे, तेही मागा. मुख्य शाखेची वही हरवलेली असली तरी ते कोणाच्या तरी घरी सापडू शकतं.