दही, केळं आणि पाचट

थंडी पडली की बेळगावच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "मॅडम, माझ्यामुळंच पोराला दम लागतोय काय वो?"

निपाणीकडच्या एका खेड्यातली ही आई त्यातलीच. (ओळखीचे तपशील बदललेत.) मुलगा तीन वर्षांचा. दिवाळी सरली की रात्री खोकला, छातीत घरघर. डॉक्टरांनी दिलेला श्वासातून औषध ओढायचा पंप (इनहेलर) 'सवय लागते' म्हणून फडताळात. सासूबाईंचं निदान ठरलेलं: "दही-केळं चारतीया ही, मग दुसरं काय हुणार!"

मी नुसता धीर देत नाही. धीर घरी पोचेपर्यंत विरतो, नोंद टिकते. म्हटलं, "दुधाचा हिशोब लिहिता त्याच कॅलेंडरवर लिहा. खोकल्याच्या रात्री फुली. दही दिलं तर 'द', धुराचा वास आला तर 'धू'."

चौथ्या भेटीला नवराही आला. तिनं पान पसरलं. 'द'च्या निम्म्या चौकोनांत फुलीच नव्हती. 'धू'च्या मात्र बहुतेक चौकोनांत, नाहीतर लगेच पुढच्यात, फुली. तो एका तारखेवर बोट ठेवून बसला.

"ह्या दिवशी आपल्याच उसाचं वाळकं पाचट पेटवलेलं."

कुणीच बोललं नाही. मीही नाही, इतक्या वर्षांत गप्प बसणं तेवढं मला नीट जमायला लागलंय. मग तीच म्हणाली, "तुमास्नी काय म्हाईत होतं?"

पंप फडताळात का होता ते मला तेव्हा उमगलं. तो बाहेर काढणं म्हणजे आपली चूक घरादारासमोर कबूल करणं, असं ती धरून चालली होती.

धुरातले बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहून लहान. ते नाकात न अडकता थेट फुफ्फुसात जातात. थंडीत गार हवा जमिनीलगत दबते, धूर रात्रभर गावावरच बसतो. पोरांच्या श्वासनळ्या अरुंद, श्वास मोठ्यांपेक्षा भरभर. वीटभट्टीचा, कचऱ्याचा, हायवेवरच्या डिझेलचा धूरही तसाच. अशा दिवशी खिडक्या लावा, मूल दुपारी खेळू द्या. पंपाची सवय लागत नाही. औषध थेट श्वासनळीत जातं, म्हणून थोडकं पुरतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो बंद करू नका. आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त झाला, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, तर माझ्याकडे नको, सरळ दवाखान्यात.

यंदा त्यांनी खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकात, पाचट न पेटवता सरीतच ठेवलंय. शेजाऱ्यानं पेटवलंच. सासूबाई पंप स्वतः आठवणीनं द्यायला लावतात. दही मात्र संध्याकाळनंतर अजून देऊ देत नाहीत. तेवढं मी सोडून दिलं.