ठरलेल्या वेळेआधी उठायचं नाही

बेटा,

“काकू, डोळे मिटले की डोक्यातला गोंगाट उलट वाढतो. देव होता त्याहून लांब गेल्यासारखा वाटतो,” असं तू म्हणालीस आणि लगेच विषय बदललास. मी तेव्हा गप्प बसले, कारण तुला हॉस्टेलला परतायचं होतं आणि दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे नव्हतं. म्हणून लिहिते आहे.

देव आहे की नाही हा आपल्या दोघींमधला प्रश्न नाही, तेव्हा त्यात शाई घालवत नाही. तू प्रयत्न करतेस हेही मला माहीत आहे, त्याचं कौतुक करत बसणार नाही. तू काय काय केलंस ते मात्र मी नीट ऐकलं. मोबाईलवरचं ध्यानाचं ॲप. मग श्वास मोजणं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून निरांजनाच्या ज्योतीवर त्राटक. मग जपमाळ. मग हेडफोन लावून बासरी. दर वेळी निकाल एकच, मन शांत होत नाही, आणि मग तू उठतेस. बाकी सगळं तू मला तपशिलात सांगितलंस, हे उठणं मात्र तुझ्या बोलण्यात जाता जाता येऊन गेलं. मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

ठरलेल्या वेळेआधी उठायचं नाही. माझ्याजवळ तुला द्यायला एवढंच आहे. वीस मिनिटं ठरवलीस तर वीस मिनिटं बसायचं. मन शांत झालं तरी, नाही झालं तरी. रडू आलं तरी, पायाला मुंग्या आल्या तरी. काहीच झालं नाही, नुसता कंटाळा आला, तर त्या कंटाळ्यासकट बसायचं.

तू मेडिकलला शिकतेस, तुला मी काय सांगू? मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, आणि माणूस नुसता पडून असला तरी शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा खातो. २००१ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की हातात काम नसताना मेंदूचे काही भाग गप्प होण्याऐवजी जास्तच कामाला लागतात. कालचं उगाळणं, उद्याचं रचणं, लोक आपल्याबद्दल काय म्हणत असतील ते घोळवणं, हे सगळं तेव्हा चालतं. म्हणजे डोळे मिटल्यावर तुला जो गोंगाट ऐकू येतो तो तुझ्या पापाचा नाही आणि तुझ्या भक्तीच्या कमतरतेचाही नाही. परीक्षेत हे तू लिहून येशील, आणि आसनावर बसलीस की तेच विसरून स्वतःला दोषी ठरवशील. असं करू नकोस.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन हीच तक्रार करतो. मन चंचल आहे, बळकट आहे, ते आवरत नाही म्हणतो. कृष्ण त्याला “तुझं चुकतंय” असं म्हणत नाही. आधी कबूल करतो की हो, मन आवरायला कठीणच आहे. मग दोनच गोष्टी सांगतो, अभ्यास आणि वैराग्य. त्याच्या थोडं आधी असंही सांगून झालेलं आहे, की मन जिथे जिथे भटकेल तिथून तिथून त्याला परत आणावं. ते भटकणार हे तिथे गृहीतच धरलेलं आहे. पतंजलींनी तर अडथळ्यांची यादीच दिली आहे, नऊ अंतराय. व्याधी, आळस, संशय हे कुणालाही कळतील. शेवटचे दोन मात्र तुझ्यासाठीच लिहिल्यासारखे आहेत: अलब्धभूमिकत्व, म्हणजे पायरी न गाठणं, आणि अनवस्थितत्व, म्हणजे गाठलेल्या पायरीवर न टिकणं. या सगळ्यांवर त्यांनी सांगितलेला उपाय काय, तर एकतत्त्वाभ्यास. एकच धरायचं आणि तेच करत राहायचं. तू तीन महिन्यांत पाच धरलेस!

मला तुझा राग येत नाही, पण घाई दिसली की माझा जीव कासावीस होतो. तुला वाटतं मनातलं नको ते सगळं एकदा बाहेर काढून टाकलं, की मग रिकाम्या घरात देव येईल. आपल्याकडे नागपुरात तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सगळं महाल-इतवारी रस्त्यावर येतं, “इडा पीडा घेऊन जा गे मारबत” म्हणत गावची पीडा बाहेर नेऊन जाळतात. मनाचं तसं होत नाही. आणि मारबत तरी दर वर्षी काढावीच लागते ना?

तू देवाला अट घातली आहेस. आधी मी शांत होईन, मग तू ये. ही अट त्याने कधी मागितली होती? आपण बसतो ते त्याच्यापाशी बसण्यासाठी. शांत होण्यासाठी बसलं की दर दोन मिनिटांनी माणूस आतून तपासतो, झाले का शांत, झाले का. ते तपासणंच किती आवाज करतं ते तू अनुभवलं आहेस. त्याच्यापाशी बसायचं असेल तर तपासण्यासारखं काही उरत नाही. बसलीस ना? मग झालं. फक्त वेळेआधी उठायचं नाही.

तू विचारलंस, मंगळवारी टेकडीच्या गणपतीला एवढ्या गर्दीत, खाली स्टेशनचे भोंगे वाजत असताना दोन मिनिटं डोळे भरून आले, ते खोलीत एकटी असताना का होत नाही? मी विचार केला. मला वाटतं, टेकडीवर तू रांगेत होतीस. मागे माणसं, पुढे माणसं, बाजूला व्हायला जागा नव्हती. तिथून तू उठून जाऊ शकत नव्हतीस, म्हणून जायचं की थांबायचं हा प्रश्नच मनात आला नाही. खोलीत तो प्रश्न सतत दार वाजवत असतो. तो एकदा निकालात काढ. वेळ संपेपर्यंत जाणं नाहीच, असं ठरव. मग बघ किती जागा मोकळी होते.

शांततेबद्दलही एक सांगते. तुकडोजी महाराज गेले ते ११ ऑक्टोबर १९६८ला. त्यांच्या पुण्यतिथीला मोझरीच्या गुरुकुंजात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली असते. मी त्या गर्दीत उभी राहिलेली आहे. लाखो माणसं एका जागी आणि कुणी बोलत नाही. पण आवाज असतात. कुठे लेकरू रडतं, कुणी खोकतं, लांबून ट्रकचा हॉर्न येतो. त्याने ते मौन मोडत नाही, कारण कुणी जागचं हलत नाही. घरी मी बसते तेव्हा मे महिन्यात कूलरची घरघर अशी असते की स्वतःचा श्वासही ऐकू येत नाही. पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात तो बंद करून बसण्यात काही भक्ती नाही. असू दे घरघर.

माझ्या सासूबाई रोज दिवेलागणीला देवघरासमोर बसायच्या. त्यांना ध्यान वगैरे शब्द माहीत नव्हते. मला म्हणायच्या, “ये नं, बस अशी जरा. काहून एवढी धावतेस?” मी कणीक भिजवत असायची, मुलांचा अभ्यास असायचा, ऑफिसातून आणलेल्या फायली असायच्या. जरा सवड झाली की बसू, असं म्हणत म्हणत त्या गेल्या. त्यांच्या शेजारी मी एकदाही बसले नाही, आणि त्याची चुटपुट आजही जात नाही. पुढे मी बसायला लागले तेव्हा सवड झालेली नव्हतीच. म्हणून तू जेव्हा म्हणतेस “फायनल इयर झालं की नीट सुरू करीन,” तेव्हा मला ते ऐकवत नाही. फायनल इयरनंतर इंटर्नशिप आहे, मग पीजी, मग संसार. आज बस.

आता एक गोष्ट सांगते, ती तुझ्या कानावर दुसऱ्या बाजूने कधीतरी येईलच.

माझा मुलगा पहिल्या नोकरीसाठी बंगळुरूला निघाला त्या पहाटे मी माझ्या वेळेला बसले होते. त्याचं सकाळचं विमान होतं. माझं झालं की निरोप देईन असं आदल्या रात्रीच ठरलं होतं. ऑटोवाला आधीच आला. मुलगा देवघराच्या दारात उभा राहून म्हणाला, “आई, येतो.” मी उठले नाही. तो थोडा वेळ थांबला आणि गेला. घरात, नात्यात, आमच्या गल्लीतही यावर पुष्कळ बोलून झालं. बाई दगड झाली असंही म्हणून झालं. कुणी हे बघितलं नाही की मी रात्री दोनपर्यंत त्याच्याजवळ बसून त्याची बॅग भरली होती, डबा केला होता, कपाळाला अंगारा लावला होता. ऑटो दहा मिनिटं थांबू शकत होता. मी उठले असते तर तेही कारण योग्यच ठरलं असतं, पण दुसऱ्या दिवशीचं कारणही योग्यच असतं, आणि तिसऱ्या दिवशीचंही. उठायला कारण रोज मिळतं आणि दर वेळी खरंच असतं. माझं सगळं आयुष्य अशा खऱ्या कारणांसाठी उठण्यात गेलं होतं. त्या दिवशी नाही उठले. आजही उठणार नाही.

पुढे एकदा मुलगा म्हणाला, “पुंडलिकाने माणसांसाठी देवाला विटेवर उभं केलं. तू देवासाठी मला दारात उभं केलंस.” त्याला मी उत्तर दिलं नाही, तुला देते. पुंडलिक ज्यांच्यापाशी बसला होता तिथून उठला नाही, साक्षात पांडुरंग आला तरी. मी त्या कथेतून एवढंच घेतलं. आईवडिलांचे पाय चेपता चेपता अर्ध्यात उठणारा पुंडलिक असता, तर पंढरपुरात वीटही नसती आणि त्यावर कुणी उभंही नसतं. मुलाला हे पटणार नाही. त्याचं दुःख खरं आहे, ते मी पुसून टाकू शकत नाही, आणि म्हणून माझा नियमही सोडू शकत नाही.

तुला मात्र यातून एक घ्यायचं आहे. वॉर्डात ड्युटीवर असशील तेव्हा पेशंट हीच तुझी बसायची जागा. तिथून मोबाईलसाठी उठू नकोस, आणि देवाच्या नावाखाली तर मुळीच उठू नकोस. कुणी हाक मारेल अशी वेळ आसनासाठी निवडायचीच नाही. तुझं पहाटेचं जमत असेल तर पहाटे, नाहीतर रात्री अंथरुणावर पडण्याआधी. पण ठरली की ती वेळ ठरली.

ॲप काढून टाक. त्यात सलग किती दिवस झाले ते दिसतं, आणि एक दिवस हुकला की तू पुन्हा पहिल्यापासून स्वतःला कोसत बसतेस. साधं गजराचं घड्याळ आण, सीताबर्डीला कुठेही मिळेल, आणि ते पाठीमागे ठेव, म्हणजे डोळे तिकडे जाणार नाहीत. मोबाईल रूममेटकडे दे. नाम कोणतं घ्यायचं ते मी सांगणार नाही. तुझ्या आजीने लहानपणी तुझ्याकडून जे म्हणवून घेतलं असेल तेच घे, नवीन शोधायला जाऊ नकोस. मध्येच मन अॅनाटॉमीत गेलं, घरच्या भांडणात गेलं, त्या मुलाकडे गेलं (मला माहीत आहे), तर नामावर परत ये. पन्नास वेळा गेलं तर पन्नास वेळा परत ये. चिडायचं नाही, मोजायचं नाही, आज कसं झालं ते वहीत लिहायचं नाही. वेळ झाली की नमस्कार करून ऊठ आणि कामाला लाग.

दिवाळीपर्यंत बदल करायचा नाही. काही वाटलं नाही तरी नाही. मला “काकू, काही होत नाहीये” असा मेसेज पाठवू नकोस, मी उत्तर देणार नाही. बसलीस की नाही, एवढंच मी विचारीन.

पुढच्या रविवारी जेवायलाच ये, भरली वांगी करीन. पण साडेसहानंतर ये. त्याआधी बेल वाजवलीस तर मी दार उघडणार नाही, पायरीवर बसून राहा.

तुझी,
काकू