पाठ झालंय, तरी पुन्हा कशाला?

मस्कत, मंगळवार रात्र

लाडक्या बाळा,

सलाम. तुझा व्हॉइस मेसेज जेवणाच्या सुट्टीत ऐकला, रात्री खोलीवर आल्यावर परत ऐकला. तू चिडली आहेस. "पप्पा, तेविसावं स्तोत्र मला कधीच पाठ झालंय, तरी आजी रोज म्हणायला लावते. येशूनेच सांगितलंय की व्यर्थ बडबड करू नका. मग आपल्या मराठी लोकांतच सगळं असं पुन्हा पुन्हा का?" दहा वर्षांच्या मुलीने पवित्र शास्त्र उघडून प्रश्न विचारला, याचा मला आनंदच झाला. म्हणून फोनवर दोन शब्दांत न उरकता लिहायला बसलोय.

मराठी लोकांचं म्हणशील तर खरंच आहे. मी लहान असताना भायखळ्याच्या आपल्या चाळीत संध्याकाळी सातच्या सुमाराला शेजारच्या खोलीतून 'शुभंकरोति' ऐकू यायचं, त्यापलीकडे कोणीतरी सतराचा पाढा घोकत असायचं, आणि आपल्या खोलीत आम्ही भावंडं स्तोत्र म्हणत असायचो. तिन्हीसांजेला पोरांनी हातपाय धुऊन बसायचं आणि पाठ असलेलंच परत म्हणायचं, ही साऱ्या मजल्याची रीत. वारकरी दरवर्षी त्याच वाटेने पंढरीला जातात, पोचल्यावर कोणी म्हणत नाही की वाट पाहून झाली, आता पुढच्या वर्षी कशाला? कवी ना. वा. टिळक याच मातीतले. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे त्यांनी आपल्या लोकांसाठी अभंगाच्या, ओवीच्या चालीत भजनं लिहिली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. आपल्या देवळात भजनाचं ध्रुपद फिरून फिरून येतं आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या बायका पुस्तक न उघडता ते उचलतात, ते त्या पुलावरूनच आलंय.

पण हे मराठी लोकांपुरतं नाही. घरी १३६ वं स्तोत्र काढून बघ. सव्वीस वचनं, आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ: 'त्याची दया सनातन आहे.' सव्वीस वेळा! एकाने पुढे म्हणायचं आणि सगळ्यांनी झील धरायची, अशीच त्याची रचना आहे. प्रेषित पौल फिलिप्पैच्या मंडळीला पत्रात लिहितो की तेच तेच पुन्हा लिहायचा मला कंटाळा नाही, त्यात तुमचं हित आहे. आणि जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आईबापांना आज्ञाच आहे: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना ही वचनं मुलांच्या मनावर बिंबवा. आजी तेवढंच करते आहे.

आता तुझं वचन. मत्तयाच्या शुभवर्तमानातला सहावा अध्याय, सातवं वचन. तू बरोबर वाचलंस, पण जरा लवकर थांबलीस. पुढच्याच वचनात आहे की तुम्ही मागण्याआधीच तुमच्या पित्याला तुमची गरज ठाऊक असते. आणि नवव्या वचनात येशू स्वतः शिष्यांच्या तोंडी शब्द घालून देतो: 'हे आमच्या स्वर्गातील पित्या.' पुष्कळ बोललं की देव ऐकेल, या समजुतीला तो नको म्हणतोय. गेथशेमाने बागेत, धरून नेलं त्या रात्री, तो तीनदा प्रार्थनेला गेला, आणि तिसऱ्यांदा त्याने 'तेच शब्द' उच्चारले, असं हाच मत्तय सव्विसाव्या अध्यायात सांगतो. 'तुझी इच्छा पूर्ण होवो' हे शब्द जड आहेत, बाळा. एकदा म्हणून ते पेलत नाहीत.

माझंच सांगतो. २६ जुलै २००५ ला मी साकीनाक्याला नवीनच नोकरीला लागलो होतो. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद, फोन बंद. कुर्ल्याला मिठी नदीचं पाणी छातीपर्यंत आलेलं. अनोळखी माणसं एकमेकांचे हात धरून साखळी करून चालत होती, मीही त्यांच्यात. आपल्या मनाने प्रार्थना करायला गेलो तर 'देवा, देवा' याच्या पुढे काही सुचेना. मग तोंडात आपोआप तेविसावं स्तोत्र आलं. एक पाऊल, एक शब्द. 'तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो.' आणि मग, 'मृत्युच्छायेच्या दरीतून' आल्यावर, 'कारण तू माझ्याबरोबर आहेस.'

तिथे मी अडखळलो. तोवर सगळीकडे 'तो' आहे. तो नेतो, तो चालवतो. काळोखी दरी आली आणि एकदम 'तू'! देव गोष्टीतून निघून शेजारी येऊन उभा राहिला. हजारो वेळा हे स्तोत्र म्हटलं होतं, आणि हा एक शब्द मला त्या पाण्यात पहिल्यांदा ऐकू आला. पाठ नसतं तर कुठून ऐकू आला असता?

तुझ्या तक्रारीत एक गोष्ट खरी आहे, ती आजीलाही सांग. घड्याळाकडे बघत घडाघडा म्हटलं तर ती पोपटपंचीच. मीही पुष्कळदा तसं केलंय, दमून आलो की अजून होतं. म्हणून रोज सगळं स्तोत्र एका दमात म्हणू नकोस. एखाद्या ओळीवर थांब. आज 'काठी' या शब्दावर, उद्या 'तेल' या शब्दावर. आजीने का थांबलीस म्हणून विचारलं, तर पप्पाने सांगितलंय म्हण.

आजीही एका जागी थांबते. 'तू माझ्यापुढे ताट वाढतोस' इथे, दर वेळी. आवाज जरा खाली येतो, मग पुढे जाते. त्या पुराच्या रात्री मी पहाटे चार वाजता भिजून घरी पोचलो तेव्हा ती दारातच बसली होती, आणि ओट्यावर माझं ताट दुसऱ्या ताटाने झाकून ठेवलेलं होतं. वरणभात गार झाला होता. ती त्याआधीपासूनच तिथे थांबायची की त्यानंतर थांबायला लागली, हे मी तिला कधी विचारलं नाही. तू विचार.

शुक्रवारी मला सुट्टी आहे. सकाळी इथल्या रुवी भागात चर्चला उपासनेला जाईन. संध्याकाळी इथे सात वाजले की तिथे साडेआठ होतात, तेव्हा फोन कर. पहिली तीन वचनं तू म्हण, चौथं मी म्हणतो, पाचवं आजीला राहू दे. आणि तिने काय सांगितलं ते फोनवर नको, मला पत्रात लिही.

तुझा,
पप्पा