दिवाळीनंतर बघू म्हणताय, पण यंदा दिवाळी उशिरा आहे

सांगलीहून एका ताईंचा मेल आलाय, चांगला लांबलचक. थोडक्यात सांगते. ऑगस्ट 2023 मध्ये पुण्याला लेकीकडे गेल्या असताना तिथल्या एका डेंटिस्टकडून उजव्या बाजूच्या खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट (हाडात बसवायचा स्क्रू, त्यावर नंतर दाताची कॅप) बसवून घेतलं. भूल उतरली, पण खालचा ओठ आणि हनुवटी उजवीकडून बधिरच राहिली, आजही चहा पिताना ओघळ गळ्यापर्यंत येतो आणि त्यांना कळत नाही, नातू सांगतो "आजी, पूस". डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, येईल हळूहळू म्हणाले. फेब्रुवारी 2024 ला वर कॅप बसली. त्याच वर्षी भाऊबीजेला भावाकडे चकली चावली आणि दाढ हलली. जानेवारी 2025 ला सांगलीतल्या दुसऱ्या डेंटिस्टनं ते इम्प्लांट काढून हातात दिलं. 42 हजार गेले. आता जावई म्हणतात वकिलामार्फत नोटीस पाठवू, पण घरात लग्न आहे, पावसाळा आहे, तर दिवाळीनंतर निवांत बघू. तोवर नोटिशीचा मसुदा द्याल का?

नाही देणार, ताई. नोटीस हा तुमचा प्रश्नच नाहीये.

डॉक्टर ग्राहक कायद्यात येतात का वगैरे मी परत उगाळत नाही, 1995 ला सुप्रीम कोर्टानं ते सांगून टाकलंय, पैसे देऊन उपचार घेतलेत म्हणजे तुम्ही ग्राहक. (वकील मात्र 2024 च्या निकालापासून त्या कायद्याच्या बाहेर, त्यामुळे माझा सल्ला चुकला तर माझ्यावर तिथे केस करता येणार नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.)

तुमच्या चार पानांत कामाच्या गोष्टी म्हणजे तारखा, आणि त्या तुम्ही अशा पेरल्यात की मला शोधाव्या लागल्या. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69. दाव्याला कारण घडलं त्या दिवसापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे, नाहीतर ग्राहक आयोग ती दाखलच करून घेत नाही. आणि समोरचा डॉक्टर मुदतीबद्दल काही बोललाच नाही म्हणून निभावून जाईल असंही नाही, मुदत तपासायचं काम आयोगानं स्वतःहून करायचंय, सुप्रीम कोर्टानं 2009 मध्येच बजावलंय. म्हणजे तुमची बाजू कितीही खरी असली तरी पहिल्याच दिवशी फाइल बंद होऊ शकते, तुमचा ओठ बधिर आहे की नाही हे कुणी विचारायच्या आधीच.

आता दोन वर्षं कुठून मोजायची, सगळी मारामारी तिथे आहे. तुम्ही एकच तक्रार समजून लिहिलंय पण माझ्या मते त्या दोन आहेत, एक ओठाची आणि एक दाढेची.

ओठाचं बघू. बधिरपणा तुम्हाला त्याच संध्याकाळी कळला. दोन वर्षं ऑगस्ट 2025 ला संपली. आज मे 2026 आहे. सरळ मोजलं तर ही तक्रार गेलीच. गोव्यातल्या सरकारी नोकरीतल्या एका नर्सबाईंची केस आहे, 1993 ला मुंबईत पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, नंतर वर्षानुवर्षं पोटात दुखत राहिलं, 2002 ला दुसऱ्या ऑपरेशनमध्ये कळलं की पहिल्या वेळचं गॉज, म्हणजे रक्त टिपायचं जाळीदार कापड, आत राहिलंय, आणि 2004 ला त्यांनी केस केली. सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये म्हटलं की चूक आत दडलेली असेल तर ती कळल्यापासून मुदत मोजता येते, तत्त्व मान्य. तरी बाई हरल्या. का, तर नऊ वर्षं दुखतंय आणि स्वतः नर्स असून त्या डॉक्टरकडे परत विचारायलासुद्धा गेल्या नाहीत. पोटात गॉज राहिलेल्या बाईची ही गत, तुमचा ओठ तर उघड्यावर होता.

पण तुम्ही परत गेलात, आणि हाच तुमच्यात आणि त्यांच्यात फरक आहे. पाच वेळा गेलात, गोळ्या घेतल्यात, आणि जुलै 2024 ला डॉक्टरांचा व्हॉट्सॲप मेसेज आहे की नस हळू भरून येते, अजून सहा महिने थांबा. हा मेसेज तुम्ही मेलच्या तळाशी "बाकी किरकोळ" म्हणून टाकलाय, अहो किरकोळ कसला, ओठाच्या तक्रारीत तुमच्या हातात काही असेल तर तेवढंच आहे. त्यावरून असं म्हणता येईल की उपचार तोवर चालूच होते, डॉक्टरच थांबवत होते, म्हणून दोन वर्षं जुलै 2024 पासून धरा. हे आयोग मान्य करेलच असं मी लिहून देत नाही. काही ठिकाणी ऐकतात, काही ठिकाणी कॅलेंडर बघतात आणि विषय संपवतात. पण मांडायचं असेल तर जुलै 2026 च्या आत दाखल झालं पाहिजे, आणि सोबत विलंब माफीचा वेगळा अर्ज, प्रतिज्ञापत्रासकट. कलम 69 मध्येच ती सोय आहे, पुरेसं कारण दाखवलं तर आयोग कारणं नोंदवून उशीर माफ करतो. "घरात लग्न होतं" हे पुरेसं कारण नाही, आधीच सांगते. "डॉक्टर थांबा म्हणत होते, हा घ्या मेसेज" हे सांगण्यासारखं कारण आहे.

दाढेचं प्रकरण जरा बरं आहे. डॉक्टरचा वकील म्हणणार इम्प्लांट बसवल्यापासून मोजा, किंवा फार तर कॅप बसवल्यापासून, म्हणजे फेब्रुवारी 2026 ला संपली मुदत. आपण म्हणायचं की दाढ हलेपर्यंत त्यात खोट आहे हे तुम्हाला कळणार कसं. मला आपली बाजू भक्कम वाटते. पण मग तुमचा पहिला दिवस कुठला? भाऊबीज. 2024 ची भाऊबीज 3 नोव्हेंबरला होती. दोन वर्षं 3 नोव्हेंबर 2026 ला भरतात. आणि यंदा अधिक महिना आलाय त्यामुळे दिवाळी पुढे गेली, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. म्हणजे जावयांच्या "दिवाळीनंतर" मध्ये ओठ तर गेलाच, दाढही गेली. पंचांगानं केस हरलेली मी अजून पाहिली नव्हती, ती तुमची होईल.

आणि नोटीस पाठवल्यानं मुदत थांबते हे डोक्यातून काढा. दहा नोटिशी पाठवा, डॉक्टरनं पाचांना उत्तर दिलं तरी घड्याळ चालूच. ग्राहक तक्रारीआधी नोटीस द्यायलाच हवी असंही काही नाही. डेंटल कौन्सिलकडे अर्ज करायचा तर जरूर करा, पण कौन्सिल डॉक्टरवर कारवाई करू शकतं, तुम्हाला भरपाई देत नाही, आणि तिथल्या अर्जानं इकडची मुदत वाढत नाही. कुणीतरी कोरोनाकाळात मुदतीला मिळालेल्या सवलतीचंही सांगेल, ती 28 फेब्रुवारी 2022 पर्यंत होती, तुमचा तिच्याशी काही संबंध नाही.

या आठवड्यात करायचं ते एकच, रेकॉर्ड मागा. लेखी मागा, स्पीड पोस्टानं आणि मेलवर दोन्हीकडे. केसपेपर, आधीचे नंतरचे एक्सरे, सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) काढला असेल तर त्याची सीडी, संमतीपत्राची कॉपी, आणि इम्प्लांटच्या डबीवरचं लॉट नंबरचं स्टिकर. डेंटिस्टांच्या 2014 च्या नियमांत मागणी केल्यावर 72 तासांत रेकॉर्ड द्यायचं म्हटलंय, पण रेकॉर्ड जपायची सक्ती उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं आहे. तुमची तीन वर्षं ऑगस्ट 2026 ला संपतात. त्यानंतर "आमच्याकडे काही नाही" म्हणाले तर त्यांना फारसं काही म्हणता येणार नाही. बधिरपणाचं मूळ त्या स्कॅनमध्येच दिसणार, स्क्रूचं टोक नसेच्या नळीपर्यंत गेलंय का आणि मुळात आधी स्कॅन काढून मोजमाप केलं होतं का. सांगलीच्या डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीवर फक्त "इम्प्लांट काढले" एवढंच आहे, तेवढ्यानं भागायचं नाही, काय दिसलं, हाड किती झिजलं होतं, हे त्यांच्याकडून सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. ते कदाचित कां कूं करतील, एका डॉक्टरनं दुसऱ्याविरुद्ध लिहायचं म्हणजे अवघड असतं.

तुम्हाला शुगर आहे हे तुम्ही मेलच्या शेवटच्या ओळीत, तेही कंसात लिहिलंय. ताई, असं नका करू हो. समोरचा पहिलं हेच काढणार, की शुगरमुळे हाड धरलं नाही. डॉक्टरला सांगितलं होतंत का? सांगितलं असेल आणि त्यांनी तपासणी न करताच बसवलं असेल तर मुद्दा तुमच्याकडे वळतो. लपवलं असेल तर दाढेची केस पण डळमळीत. मला माहीत नाही, केसपेपर आल्यावर कळेल.

संमतीपत्र इंग्रजीत होतं आणि खुर्चीवर बसवून सही घेतली म्हणता. त्यात बधिरपणाची शक्यता लिहिलेली असली तरी निष्काळजीपणा माफ होत नाही. पण निष्काळजीपणा आपल्याला दाखवावा लागतो, नुसतं इम्प्लांट फेल गेलं म्हणजे डॉक्टर चुकला असं होत नाही. भरपाई किती मिळेल ते विचारू नका.

पुण्याला खेटे घालायची गरज नाही, नवीन कायद्यात तुम्ही राहता तिथे, म्हणजे सांगलीच्या जिल्हा आयोगातच तक्रार करता येते. तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत आहे म्हणून फी शून्य. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन पण होते. 20 हजार यूपीआयनं दिलेत त्याचं स्टेटमेंट काढा, उरलेल्या रोख पैशांची कच्ची चिठ्ठी असेल ती लावा. कायद्यात तीन महिन्यांत निकाल द्यायचं लिहिलंय, ते वाचून हसू नका. माझ्याकडे डोळ्याच्या ऑपरेशनची 2019 ची एक फाइल अजून युक्तिवादाला लागायचीय, तारखेला गेलं की सदस्यांची जागा रिकामी, पुढची तारीख घ्या आणि चहा पिऊन घरी या. तुम्ही उशीर केलात तर केस जाते आणि त्यांनी केला तर फक्त पुढची तारीख पडते, काय करणार.

डॉक्टर आता 20 हजार परत देतो, एका कागदावर सही करा म्हणतायत ना, त्या कागदाचा फोटो आधी मला पाठवा. "पूर्ण व अंतिम" असे शब्द कुठेही असतील तर सही करायची नाही, जावयांनाही करू द्यायची नाही.

फोन बदलू नका आणि तो जुलै 2024 चा मेसेज डिलीट होऊ देऊ नका, स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट जोडावं लागेल ते तुमचा वकील बघेल. आणि काढलेलं इम्प्लांट देवघरातल्या कुंकवाच्या डबीत ठेवलंय म्हणता, ते तिथून काढा, धुवायचं पुसायचं नाही, आहे तसं झिपच्या पाकिटात घाला, वर काढल्याची तारीख आणि डॉक्टरचं नाव लिहा आणि कपाटात कुलपात ठेवा.