इम्पोर्ट अर्ध्यात आला की मायएसक्यूएल बंद पडतं

प्रश्न : महापेला एमआयडीसीत छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. वाशी एपीएमसीतल्या एका व्यापाऱ्याचा जुना बिलिंग डेटा नव्या सिस्टीममध्ये आणायचाय, एकच सीएसव्ही फाइल, दोन कोटींच्या वर ओळी. डेटाबेस मायएसक्यूएल 8.0, लिनक्स, रॅम 8 जीबी, त्यातला बफर पूल (मायएसक्यूएल डेटा मेमरीत ठेवतं ती जागा) 6 जीबी, टॉमकॅट (जावाचा वेब सर्व्हर) पण त्याच मशीनवर. लोड डेटा (फाइल थेट टेबलात भरायची कमांड) चालवलं की मध्येच ‘लॉस्ट कनेक्शन’. मॅक्स अलाउड पॅकेट (एका वेळी पाठवता येणाऱ्या डेटाची मर्यादा) वाढवून झालं, काही फरक नाही. अर्धवट गेलेल्या ओळी टेबलात राहतात का?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : पॅकेटचा नाद सोडा. ते एकाच अवाढव्य इन्सर्ट कमांडसाठी लागतं, तुमचं दुखणं वेगळं दिसतंय. आधी एवढंच ठरवा की नुसतं कनेक्शन तुटलं की सर्व्हरच मेला. त्यासाठी स्टेटसमधला अपटाइम बघा, आकडा पुन्हा शून्यापासून मोजायला लागला असेल तर प्रोसेस मेली होती. मग मायएसक्यूएलचा एरर लॉग उघडा, आणि तो काही न बोलता मध्येच तुटलेला असेल तर कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा लॉग बघाच, तिथे ‘आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस’ आणि पुढे मायएसक्यूएलडी (सर्व्हरची प्रोसेस) असं सापडेल असं मला जवळजवळ नक्की वाटतं. 8 पैकी 6 जीबी बफर पूल, वर टॉमकॅटची जावा, प्रत्येक कनेक्शनची मेमरी वेगळी, मग रॅम संपली की लिनक्स सगळ्यात जड प्रोसेस उचलून मारतं. रॅमच्या 80 टक्क्यांपर्यंत द्या असं वाचलं असेल, पण ते फक्त डेटाबेससाठी ठेवलेल्या मशीनचं गणित आहे. तुम्ही 3 जीबीवर आणा, आणि इम्पोर्टपुरता टॉमकॅट बंद ठेवा.

डिस्कही बघा. 8.0 मध्ये बिनलॉग (प्रत्येक बदलाची नोंद) मुळातच चालू असतो, तो आणि अनडू लॉग (बदल मागे घेण्यासाठीची नोंद) मिळून बरीच जास्तीची जागा खातात. लोड डेटाला ‘लोकल’ लावून चालवत असाल तर सर्व्हर फाइलची एक कॉपी टेंप फोल्डरमध्येही करतो, आणि ते फोल्डर छोटं असलं की झालं.

आता मुख्य काम. लोड डेटा म्हणजे इनोडीबीसाठी (मायएसक्यूएलचं नेहमीचं स्टोरेज इंजिन) दोन कोटी ओळींचं एकच ट्रान्झॅक्शन, सगळं होईल नाहीतर काहीच नाही. फाइल तोडा, एका तुकड्यात एक लाख ओळी, शक्यतो प्रायमरी की च्या (ओळ ओळखायच्या मुख्य क्रमांकाच्या) क्रमाने लावून, आणि प्रत्येक तुकडा झाला की त्याचं नाव लिहून ठेवा म्हणजे कुठेही पडलं तरी तिथूनच पुढे जाता येतं. जास्तीचे इंडेक्स नंतर लावा. फॉरेन की चेक (दुसऱ्या टेबलात तो क्रमांक आहे का याची तपासणी) बंद करत असाल तर जपून, परत चालू केल्यावर आधी गेलेल्या ओळी मायएसक्यूएल तपासत नाही, चुकीचा ग्राहक क्रमांक तसाच आत राहतो.

मशीन पडल्यावर परत चालू होताना वेळ लागतो, तेव्हा घाबरून पुन्हा किल मारू नका प्लीज. रोलबॅक (अर्धवट काम मागे घेणं) चालू असतो, तो पुढच्या वेळी उरलेला करावाच लागतो.

अर्धवट ओळींचं म्हणाल तर कमिट झालं नसेल (काम पक्कं झालं नसेल) तर टेबल इनोडीबीचं असल्यास एकही राहत नाही, फक्त ऑटो इन्क्रिमेंटच्या (आपोआप वाढणाऱ्या) नंबरात खड्डे पडतात. तरी सगळं झाल्यावर नुसत्या ओळी मोजू नका, हमाली, तोलाई आणि बिलाच्या रकमेची वर्षवार बेरीज जुन्या सिस्टीमशी पैशापर्यंत जुळवा आणि मगच व्यापाऱ्याला लॉगिन द्या.