विद्याशाखा आणि ज्ञानशाखा: एकच की दोन?

प्रश्न असा आहे: पीएच.डी.च्या अर्जात 'विद्याशाखा' या रकान्यात 'भाषाविज्ञान' लिहिलं, तर अर्ज परत आला. विद्याशाखा आणि ज्ञानशाखा यांत फरक काय?

शब्दार्थाने फारसा नाही, वापरात मात्र आहे. 'विद्याशाखा' हा विद्यापीठाच्या कारभारातला शब्द, म्हणजे फॅकल्टी. तिला अधिष्ठाता, म्हणजे डीन, असतो, तिच्याखाली अभ्यासमंडळं असतात. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने त्या चारच ठेवल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. त्या रकान्यात 'मानव्यविद्या' हवं होतं. भाषाविज्ञान ही 'ज्ञानशाखा', म्हणजे डिसिप्लिन. 'अभ्यासक्षेत्र' त्याहून सैल. बोलींचा अभ्यास हे अभ्यासक्षेत्र म्हटलं, तर भाषावाले आणि समाजशास्त्रवाले दोघेही त्यात वावरू शकतात.

मला खरी गंमत वाटते ती 'शाखा' शब्दाची. ऋग्वेदाची शाकल शाखा म्हणतात तेव्हा वेद तोच असतो, परंपरा आणि पाठ वेगळा. विषयांची विभागणी सांगायला तिथे शब्द आहे 'अंग'. सहा वेदांगांत व्याकरण हे वेदाचं मुख, छंद हे पाय, ज्योतिष हे डोळे. अंगं एकमेकांवाचून अडतात; फांदीला शेजारच्या फांदीची फिकीर नसते. म्हणूनच 'आंतरविद्याशाखीय' हा लांबलचक शब्द घडवावा लागला, आणि दोन फांद्यांमधली मोकळी जागा कायद्याने चौथी फांदी झाली!

ग्रंथालयांची तऱ्हा आणखी निराळी. अमेरिकन ग्रंथपाल ड्यूई यांच्या १८७६ च्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या पद्धतीत, भाषा ४०० मध्ये, साहित्य ८०० मध्ये. त्यामुळे मराठी व्याकरण ४९१.४६ खाली आणि मराठी कादंबरी ८९१.४६ खाली, मधल्या कपाटांत गणित, वैद्यक, शेती, चित्रकला. विद्यापीठात मराठीचा विभाग एकच, ग्रंथालयात मात्र दोन टोकांना हेलपाटे.

बोलण्यात तुम्ही ज्ञानशाखेला विद्याशाखा म्हणालात तर मी टोकणार नाही. आमच्या घरी तर दहावीनंतर एवढंच विचारायचे, "कुठली साइड घेतलीस?" अर्ज भरताना मात्र वरच्या चार नावांपैकीच एक लिहा. 'भाषाविज्ञान' खालच्या 'विषय' या रकान्यात जाईल.